मोरसला गेलेल्या धाकट्याचा माग

माझी आजी शेवटपर्यंत साखरेला 'मोरस' म्हणायची. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मोरसला गेला तो परत आलाच नाही, एवढंच ती सांगे. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या एका वाक्यावर मी देवगडहून शोध सुरू केला आणि यंदा मॉरिशसमध्ये मोकाला पोचलो.

आधी गावचं दप्तर. सातबारा यासाठी फार अलीकडचा. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, गाव नमुना 14 (जन्ममृत्यूची नोंद) आणि गाव खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताकडचं असेल तर बोटखत, म्हणजे कुळांच्या जमिनींची नोंदवही मागा. 1880 च्या खोती कायद्यानंतरच्या आमच्या बोटखतात खापरपणजोबा एकटेच कूळ आहेत. दोघा भावांचं शेत आणि नाव एकाचंच. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. मजकूर मोडीत होता, म्हणून वाचणारा सोबत नेला होता. तुम्हीही न्या, आणि फक्त आपलं नाव नको, अख्खं पान वाचून घ्या. वाडीतल्या प्रत्येकाचं 'अमुक बिन तमुक', म्हणजे बापासकट नाव उतरवून ठेवा. पुढे त्यावरच सगळं उलगडलं.

मृत्युपत्राच्या मागे आम्ही उगाच महिनाभर घालवला. खोताच्या कुळाकडे लिहून ठेवण्यासारखं काय असणार? पूर्वज मुंबई शहरात मालमत्ता राखून असतील तर मात्र उच्च न्यायालयातली प्रोबेटची, म्हणजे कोर्टानं मृत्युपत्र खरं ठरवल्याची कागदपत्रं पाहाच. 1870 च्या कायद्यानं तिथल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट लागू लागलं.

मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. जाण्याआधी त्यांच्याशी पत्रव्यवहार करा. तिथे आडनावावर विसंबू नका. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांत बापाचं किंवा आजोबांचं नावच आडनाव झालं. तालुकाही आजचा सांगून चालत नाही. देवगडचा मुलूख त्या काळी विजयदुर्ग तालुक्यात होता आणि जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 मध्ये. सगळ्यात भरवशाचा तो इमिग्रेशन नंबर, म्हणजे बेटावर आलेल्या मजुराला मिळालेला क्रमांक. तिथे वंशज सापडले असतील तर त्यांच्याकडचे जुने लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले पाहा, बऱ्याचदा तो त्यांवर असतो.

आमच्याकडे नंबर नव्हता. बापाचं नाव, गाव आणि अंदाजे वर्षं यांवर तीन दिवस पानं चाळली. चौथ्या दिवशी ते धाकटे आजोबा सापडले: बापाचं नाव बरोबर, गावाचं नाव मोडकंतोडकं, पण आमचंच. लागून पुढचे दोन नंबरही त्याच गावचे. बापांची नावं मी बोटखताच्या टिपणाशी ताडली. आमच्याच वाडीतले, शेजारच्या दोन घरांतले. ते एकटे गेले नव्हते! मला तिथेच भरून आलं.

1867 च्या कायद्यानंतर करार पुरा झालेल्या जुन्या गिरमिटियांच्या पासावर फोटो लागू लागला, म्हणून त्यानंतरच्या नोंदीही मागा. आमच्या धाकट्या आजोबांचा फोटो मात्र मिळाला नाही.

मग नोटरीचे कागद. इंग्रजांनी 1810 मध्ये बेट घेतलं तरी फ्रेंच दिवाणी कायदा तिथे राहिला, त्यामुळे जमिनीची खरेदीखतं नोटरीकडे होत आणि ती फ्रेंचमध्ये असतात. मॉरिशसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाताना दुभाष्या हवाच. ऊसमळ्यांनी जमिनीचे तुकडे करून विकले तेव्हा आमच्या त्या धाकट्या आजोबांनी एक घेतला होता. सहीच्या जागी फुली. चतुःसीमा वाचून दाखवताना दुभाष्यानं पूर्वेकडच्या शेजाऱ्याचं नाव आणि नंबर उच्चारला. नोंदवहीत त्यांच्या लगेच पुढचा होता, तोच.