फायटरच्या हातात काय द्यायचं?

गेली तीन वर्षं मी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग खेळ) मध्ये फायटरच, म्हणजे लढवय्याच, खेळतोय आणि खजिना उघडला की दर वेळी तेच, जादूची कांडी निघाली विझार्डकडे (जादूगाराकडे), स्क्रोल (मंत्राची गुंडाळी) निघालं विझार्डकडे, आणि माझ्या वाट्याला प्लस वन तलवार. म्हणजे आधी वीस बाजूंच्या फाशावर १४ पडल्यावर लागायचं ते आता १३ ला लागणार. झालं.

यात आमच्या डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) पूर्ण चूक नाहीये म्हणा, नियमच तसे आहेत. फाईव्ह-ई (खेळाची पाचवी आवृत्ती) मध्ये स्पेल, म्हणजे मंत्र, तुमच्या क्लासच्या (पात्राच्या प्रकाराच्या) लिस्टमध्ये नसेल तर स्क्रोल तुम्हाला वाचताच येत नाही, वँड ऑफ फायरबॉल्सला (आगीच्या गोळ्यांच्या कांडीला) तर स्पेल टाकणाराच लागतो. पूर्वी ३.५ आवृत्तीत यूज मॅजिक डिव्हाइस नावाचं स्किल होतं, डीसी २० (फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) पार केला की चोरसुद्धा कांडी चालवायचा. २०१४ च्या नियमांत त्यातलं उरलंय ते फक्त थीफ रोगला (चोर क्लासच्या एका उपप्रकाराला) आणि तेही १३ व्या लेव्हलला, तिथपर्यंत कुणाची कँपेन टिकते हो?

पण वँड ऑफ मॅजिक मिसाइल्स कुणीही वापरू शकतं, अट्यूनमेंटपण (वस्तूशी आधी जुळवून घेणं) लागत नाही, ७ चार्जेस, नेम चुकायचा प्रश्नच नाही, हे आम्हाला वर्षभर माहीतच नव्हतं! कांडी दिसली की सवयीने विझार्डकडे जायची.

माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे इमूव्हेबल रॉड. साधा लोखंडी दांडा, बटण दाबलं की हवेत जिथल्या तिथे अडकतो आणि ८,००० पाउंड वजन पेलतो. एकदा आतल्या बाजूला उघडणाऱ्या दाराला चिकटवून लावला, बाहेर ओगर (धिप्पाड राक्षस). दांडा हलवायला स्ट्रेंथचा (ताकदीचा) डीसी ३०, ओगरची ताकद १९ म्हणजे फाशात प्लस चार, २० पडला तरी २४ च होतात, त्यामुळे ओगर बिचारा दार फोडत बसला आणि आम्ही मागच्या खिडकीतून पसार. असली वस्तू मिळाली की फायटरलाही डोकं चालवायला मिळतं, नाहीतर माझी टर्न म्हणजे "मी मारतो, परत मारतो", संपलं.

रिंग ऑफ स्पेल स्टोरिंगचं (स्पेल साठवणाऱ्या अंगठीचं) तर लोकांच्या लक्षातच येत नाही. विझार्डने आत हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) भरून ठेवायचं आणि अंगठी फायटरने घालायची, कारण मग स्पेल चालू ठेवायचं कॉन्सन्ट्रेशन फायटरचं, आणि मार लागल्यावर ते टिकवायच्या कॉन्स्टिट्यूशन सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी (जास्तीचा बोनस) फायटरला असते, विझार्डला नसते. शिवाय विझार्ड दुसऱ्या स्पेलला मोकळा. यावर आमच्यात अर्धा तास भांडण झालंय, विझार्डला वाटतं त्याचा स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) फुकट जातो.

बार्बेरियनचं दुखणं वेगळंच, रेजमध्ये (त्याच्या लढाईतल्या संतापात) स्पेल टाकता येत नाही म्हणून कांडीही बंद. पण नेकलेस ऑफ फायरबॉल्स (ज्याचा मणी फेकला की आगीचा गोळा फुटतो) चालतो, कारण तिथे स्पेल टाकायचाच नाहीये, मणी तोडायचा आणि ६० फुटांपर्यंत भिरकवायचा, पुढचं मणी बघून घेतो.

मीच डीएमच्या मागे लागून तो नेकलेस मिळवून दिलाय आमच्या बार्बेरियनला. रविवारी सेशन आहे, सहा मणी शिल्लक आहेत आणि विझार्डने आजच ग्रुपवर टाकलंय की या वेळी तो ६० फूट मागे उभा राहणार.