पाच लाखांतले बाहेरचे स्वयंपाकघर

अलिबाग परिसरात मुंबईकरांची दुसरी घरे वाढली, तशी घराबाहेर पक्के स्वयंपाकघर बांधून मागणाऱ्यांची संख्याही वाढली. मी बांधकामांची अंदाजपत्रके तयार करते. गेल्या ऑक्टोबरात नागाव भागातील एका कुटुंबाने मला अशाच कामासाठी बोलावले. त्यांनी एकूण पाच लाख रुपये बाजूला काढले होते आणि शहरातल्या एका दालनाचे कोटेशनही त्यांच्या हातात होते: स्टीलची कपाटे, चार बर्नरची गॅस ग्रिल आणि बाहेर ठेवायचा छोटा फ्रिज मिळून ३ लाख ६० हजार. उरलेल्या १ लाख ४० हजारांत ‘बांधकामाचे किरकोळ’ बसवून द्यावे, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की जीएसटी, वाहतूक आणि जोडणी यांचा खर्च वेगळा. अठरा टक्क्यांनी कराचेच ६४ हजार ८०० रुपये होतात, म्हणजे वडखळमार्गे टेम्पो निघण्यापूर्वीच आकडा ४ लाख २४ हजार ८०० वर गेला होता. हे मी पेन्सिलीने तिथेच लिहून दाखवले. गृहस्थ हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही आल्या आल्याच महाग पडलात.”

त्यांनी निवडलेली जागा घराच्या पश्चिमेला, हिरवळीच्या कडेला होती. जेवताना सूर्यास्त दिसावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. मात्र घराच्या स्वयंपाकघरापासून ती जागा साठ फूट दूर होती, आणि अशा कामात अंतरालाच किंमत असते. केबल, नळाची लाइन, सांडपाण्याचा पाइप आणि त्यांच्यासाठी खणायचा चर हे सगळे फुटावर मोजले जाते. सांडपाणी जिथे सोडायचे, तिथे मी गड्याकडून खड्डा खणून घेतला, तर चार फुटांवर पाणी लागले. तिथे शोषखड्डा केला असता तर तो पावसाळाभर तुडुंब राहिला असता. त्यातच दुपारचा वारा समुद्राकडून येत असल्यामुळे तिथला सगळा धूर थेट दिवाणखान्यात शिरणार होता.

मागील दारी, पूर्वेला, घरापासून बारा फुटांवर जागा होती. जमीन थोडी उंच होती आणि शेजारीच केळी व अळू होते. सांडपाणी आधी चरबी अडवणाऱ्या चेंबरमधून काढले की पुढे त्यांच्या मुळाशी सोडता येत होते. मी ती जागा धरून हिशेब मांडला. बारा बाय चौदा फुटांची फरशी, भरावासह, सुमारे ३७ हजार. जांभ्याचा चिरा, त्यावर आरसीसीची लादी आणि ग्रॅनाइट असा चौदा फूट ओटा, ७७ हजार. कडप्पा स्वस्त पडला असता, परंतु तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे. कोकम आणि लिंबाने त्याच्यावर कायमचे डाग पडतात. पाणी आणि निचरा ४२ हजार. वीज ३८ हजार, कारण उघड्यावरच्या ओट्याला स्वतंत्र सर्किट, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, धूळ-पाणी आत न घेणारी आयपी ६५ दर्जाची बटणे आणि नीट अर्थिंग यांत मी तडजोड करत नाही.

सर्वांत मोठी रक्कम छपराची होती: गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, तारेने बांधलेली मंगलोरी कौले आणि खांबांचे पाये मिळून १ लाख ४५ हजार ६००. गृहस्थांना ती अवास्तव वाटली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरची किती पत्र्यांची छपरे उडवली, हे सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही. गड्यानेच शेजारच्या वाडीकडे बोट दाखवले.

या सगळ्याची बेरीज जवळपास ३ लाख ४० हजार झाली. त्यावर आकस्मिक खर्चाचे दहा टक्के धरल्यावर सुमारे ३ लाख ७३ हजार ५००. (काटछाट सुरू झाली की बहुतेक लोक प्रथम हीच ओळ खोडतात, मी ती शाईने लिहिते.) दालनाचे करासह कोटेशन यात मिळवले तेव्हा एकूण रक्कम आठ लाखांना जेमतेम सतराशे रुपये कमी भरली. नवरा-बायको बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिले.

तेवढ्यात घरातल्या सासूबाई पडवीत येऊन बसल्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी मला विचारले, “अगं, ते सगळं ठीक, पण मासळी कुठे साफ करायची? आणि चूल कुठाय?” दालनाच्या चित्रांत या दोन्हींपैकी काहीच नव्हते. गेल्या वर्षभरात बाहेर नेमके काय शिजवले, असे मी विचारले, तेव्हा पोपटी (मडक्यात शेंगा वगैरे भरून भोवती जाळ करून भाजतात ती), भाकरी, निखाऱ्यावरची मासळी आणि पाहुणे आल्यावर मोठ्या पातेल्यातला रस्सा एवढीच यादी निघाली. यांपैकी कशालाही चार बर्नरची ग्रिल लागत नव्हती, आणि पोपटीला तर ओटाही लागत नाही.

तिथून काटछाट सोपी झाली. ग्रिल गेली. मागील दारापलीकडेच घरातला फ्रिज असल्याने बाहेरचा फ्रिजही गेला. कपाटांच्या स्टीलबद्दल मी विचारणा केली, तेव्हा ते ३०४ प्रतीचे निघाले. खाऱ्या वाऱ्यात त्यावर तांबूस ठिपके येतात. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले ३१६ प्रतीचे स्टील अधिक टिकते, पण ते महाग असते. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील उत्तम, ही दुकानातली परीक्षा येथे निरुपयोगी आहे, कारण चुंबकाला या दोन प्रतींतला फरक कळत नाही. म्हणून ओट्याखाली दारे न लावता कडप्प्याच्या उघड्या फळ्या ठरवल्या आणि ३१६ चे एकच दार फक्त सिलिंडरच्या कप्प्याला दिले. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे त्या कप्प्याला जमिनीलगत जाळी ठेवली आणि तो निचऱ्याच्या चेंबरपासून दूर घेतला.

अग्निविटांची, वर लोखंडी जाळी बसणारी चूल १४ हजार. मासळीसाठी स्वतंत्र नळ असलेली बसकी मोरी १८ हजार. सिंक आणि नळ १६ हजार. दोन बर्नरची शेगडी ९ हजार. सिलिंडरच्या कप्प्याचे दार २२ हजार आणि फळ्या १५ हजार, असे ९४ हजार झाले. एकूण रक्कम ४ लाख ६७ हजार ५०० वर थांबली.

उरलेल्या साडेबत्तीस हजारांचे काय करायचे, यावर थोडा वाद झाला. गृहस्थांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, ते बँकेतच राहावेत असे वाटत होते. गृहस्थांचा जीव मात्र अजून सूर्यास्तात अडकला होता, त्यामुळे पश्चिमेच्या हिरवळीवर चिऱ्याच्या बाकाचा दर मी वेगळा काढून दिला, साडेएकोणीस हजार. आकस्मिक खर्चाच्या रकमेला हात लावायचा नाही, या अटीवर वहिनींनी त्याला होकार दिला. पावसाळ्यापूर्वी कौले चढलीच पाहिजेत, म्हणून पहिला हप्ता छपराच्या सांगाड्यासाठी द्यायचा असे ठरले आणि छपरासह नकाशा ग्रामपंचायतीत दाखवण्यासाठी मी कागद सोबत घेतले.