पोटात साठलेलं रक्त परत शिरेत: माझा अनुभव

रक्तपेढी कित्येक तासांच्या अंतरावर असली की डॉक्टरच्या डोक्यात एक हिशोब सतत चालू असतो. आत्ता रक्त लागलं तर ते कधी हातात येईल, आणि पेशंट तोवर थांबेल का? गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत वाढून ती नळी फुटलेली बाई आली, की हा हिशोब बहुतेक वेळा जुळत नाही. अशाच एका पेशंटच्या वेळी आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या थिएटरमध्ये ही तयारी नाही, त्यांनी ती करावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ती आली तेव्हा तिचे तळहात पांढरेफटक आणि घामाने गार होते. पाळी चुकली होती, आधी पोटात कळ आली, मग भोवळ. नाडी १४० च्या आसपास, वरचं बीपी ७०. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह. सोनोग्राफीत यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये काळी पट्टी दिसली, म्हणजे पोटात रक्त साठलेलं. हिमोग्लोबिन मात्र ९ आलं, आणि त्यावर नातेवाइकांना जरा हायसं वाटलं. मला नाही वाटलं. रक्त नुकतंच गेलेलं असतं तेव्हा अंगात उरलेलं रक्त तेवढंच दाट असतं. हिमोग्लोबिनचा आकडा उतरायला वेळ लागतो. सुमारे पन्नास किलो वजनाच्या माणसात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. तिची नाडी आणि बीपी सांगत होते, की त्यातला तिसरा हिस्सा तरी शिरांमधून गेलेला आहे.

रक्तगट निघाला बी निगेटिव्ह. नवरा, भाऊ, सोबत आलेली माणसं, सगळे हात पुढे करून उभे होते, पण एकाचंही रक्त जुळेना. रक्तपेढीला फोन लावला, तिथे एकच पिशवी होती. ती येईपर्यंत थांबलो असतो किंवा तिला गाडीत घालून पुढे पाठवलं असतं, तर काय झालं असतं हे सांगायची गरज नाही. जवळात जवळ असलेलं जुळणारं रक्त तिच्याच पोटात होतं.

नवऱ्याला बाजूला घेऊन तसं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, पोटात सांडलेलं रक्त खराब नाही का होत?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, "शिळं असेल, वास येत असेल किंवा आतड्यातली घाण मिसळली असेल तर मी ते वापरणार नाही. नळी फुटून थोडाच वेळ झालेला असेल तर ते ताजं आणि स्वच्छ असतं. आणि तिचंच असल्यामुळे गट जुळवायचा प्रश्नच येत नाही." त्याने सही केली.

ही पद्धत नवी नाही. स्वतःचं रक्त परत देण्याचा विचार इंग्लंडचे डॉक्टर जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये मांडला होता, आणि फुटलेल्या नळीच्या पेशंटमध्ये ती यशस्वी झाल्याचं जर्मन डॉक्टर थीस यांनी १९१४ मध्ये नोंदवलं. आमच्याकडे त्यासाठीचं सामान वेगळ्या ड्रममध्ये कायम निर्जंतुक करून ठेवलेलं असतं: स्टीलची पळी, वाडगा, फनेल, गॉजच्या घड्या. शेजारी रक्त गोळा करायच्या रिकाम्या पिशव्या. आणीबाणीत शोधाशोध करायची वेळ आली असती, तर हे जमलंच नसतं.

सलाईन बेताने दिलं. बीपी एकदम वर चढवलं तर जेमतेम थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. पोट आधी धुऊन, कापड अंथरून घेतलं आणि मगच केटामाइनची भूल दिली, कारण भूल आणि छेद यांच्यामध्ये एक मिनिटही वाया घालवायचं नव्हतं.

पोटाचं आतलं आवरण खालच्या रक्तामुळे निळसर दिसत होतं. तिथे पूर्ण छेद घेतला असता तर सगळं रक्त टेबलावर वाहून गेलं असतं. म्हणून आधी दोन बोटं मावतील एवढाच छेद घेतला. सहकाऱ्याने लगेच पळीने रक्त वाडग्यात घ्यायला सुरुवात केली. जरा ओसरल्यावर छेद वाढवला, हात आत घालून फुटलेली नळी चिमटीत धरली आणि क्लॅम्प लावला. रक्त कितीही परत दिलं तरी गळती चालू असेल तर उपयोग शून्य.

गुठळ्या बाजूला काढल्या. पातळ रक्त गॉजच्या आठ पदरांतून गाळून फनेलमधून पिशवीत सोडलं. पिशवी टेबलाखाली वजनकाट्याला टांगलेली होती आणि सिस्टर ती हलकेच हलवत होत्या. साडेचारशे मिलीलिटरच्या पिशवीत रक्त गोठू न देणारं ६३ मिलीलिटर द्रावण असतं, त्यामुळे वजनावर नजर ठेवावीच लागते. रक्त कमी भरलं तर द्रावण जास्त होतं, जास्त भरलं तर गुठळ्या धरतात. लॅब टेक्निशियनने थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात, गरगर फिरवलं आणि ती नळी उजेडात धरली. वरचं पाणी पिवळसर होतं. गुलाबी असतं तर तांबड्या पेशी फुटल्यात असं धरून आम्ही थांबलो असतो.

पहिली पिशवी फिल्टर असलेल्या सेटमधून चढवली. अजून कोमट होती, हेही चांगलंच, कारण रक्त गेलेला पेशंट गार पडला की त्याचं रक्त नीट गोठत नाही. तीन पिशव्या भरल्या. प्रत्येकीवर तिचं नाव लिहिलं आणि एकही थिएटरबाहेर जाऊ दिली नाही, कारण या रक्ताच्या कुठल्याच तपासण्या झालेल्या नसतात. तिसरी चालू असताना वरचं बीपी १०० वर आलं होतं. द्रावणातलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम अडवतं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश दिलं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पोटातल्या रक्तातले गोठवणारे घटक बरेचसे आधीच खर्च झालेले असतात. तांबड्या पेशी परत मिळतात, बाकीचं तेवढं मिळत नाही. त्यामुळे टाके घालताना जखम झिरपते आहे का ते बारकाईने पाहिलं, आणि साध्या काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन ते गोठतंय याची खात्री केली. रात्रभर लघवीच्या पिशवीकडेही लक्ष होतं. लघवी लालसर झाली असती तर पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येतोय असा अर्थ होता. ती स्वच्छ राहिली.

सकाळी हिमोग्लोबिन ८ होतं आणि ती बसून बोलत होती. रक्तपेढीने राखून ठेवलेली बी निगेटिव्हची पिशवी आम्ही फोन करून मोकळी केली.

ती निगेटिव्ह गटाची आणि नवरा पॉझिटिव्ह, म्हणून पुढच्या गरोदरपणात तिचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध उठू नये यासाठीचं अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत दिलं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. घरी सोडताना दोघांना समोर बसवून सांगितलं की दुसरी नळी शाबूत आहे, मूल होऊ शकतं. पण एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच टेस्ट करायची आणि गर्भ कुठे आहे ते सुरुवातीलाच सोनोग्राफीत बघून घ्यायचं. नवऱ्याने ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.