तुम्ही ख्रिश्चन, मग तुमच्यात जात कुठून आली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, मुलीच्या शाळेतल्या आयाही विचारतात. सांगली-मिरजेत ख्रिश्चन म्हटलं की लोकांना डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आठवतं. ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनचं. आम्ही कॅथलिक. आणि हो, आमच्यात जात आहे.

मिरज हे रेल्वेचं जंक्शन. गोव्याला जाणारी मीटरगेज इथूनच लोंढ्याकडे निघायची. रेल्वेच्या नोकरीमुळे गोव्याची, मंगळूरची कुटुंबं या भागात राहिली. मी लहान असताना चर्चमधले पुढचे बाक त्यांचे, क्वायर त्यांचा, फादरांच्या जेवणाचं आमंत्रणही त्यांच्याच घरचं. माझे आजोबा राहुरी तालुक्यातले, जातीने महार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगर जिल्ह्यात जेझुइट या कॅथलिक संघाचे जर्मन फादर आले, तेव्हा गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्यातलंच आमचं एक. इथे आम्ही कायम ‘नगरवाले’ राहिलो.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६०च्या दशकात लोकभाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू झाली. आमच्याकडे मराठी मिस्सा भल्या पहाटे आणि इंग्रजी मिस्सा आरामात, नाष्टा-बिष्टा झाल्यावर. मराठी मिस्सेला येणारी बरीचशी माणसं रोजंदारीवरची. रविवारी तरी त्यांना उशिरा उठू द्यावं असं कुणालाच वाटलं नाही. लग्नाची गोष्ट काढली की तर बोलणंच संपायचं. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चारडो, सुदीर हे भेद आजही सोयरिकीत पाहतात. तिथे आमचा नंबर कुठून लागणार?

सरकारदरबारी तर वेगळीच तऱ्हा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. आजोबांच्या सख्ख्या भावाचं घर बौद्ध झालं, म्हणून त्या नातवंडांना तो दर्जा आहे आणि आम्हाला नाही. गावात मात्र दोन्ही घरांना एकाच जातीने ओळखतात. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात कबूल केलं. मला ते वाचून बरं वाटलं. पण ते धोरण रविवारच्या प्रवचनात मी अजून ऐकलेलं नाही.

दरम्यान चर्चमधली माणसंच बदलली. रेल्वेवाल्यांची मुलं पुण्याला, आखातात, कॅनडात गेली. इंग्रजी मिस्सेला मागचे बाक रिकामे राहतात. मराठी मिस्सेला अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकाव्या लागतात. केरळच्या नर्स आहेत, कुपवाड एमआयडीसीत काम करणारी झारखंडची आदिवासी मुलंही आहेत. चर्च आज चालतं ते यांच्या येण्यावर, तरी कमिटीत नावं जुनीच.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. झारखंडच्या त्या मुलांबद्दल आता आमच्याच बायका कुजबुजतात. ‘कुठली कोण जाणे, अंघोळ तरी करतात का!’ हे असलं बोलणं माझ्या आईने आयुष्यभर ऐकलं. ज्यांनी ते सोसलं, त्यांच्याच तोंडून ते ऐकताना मला संताप येतो, आणि मी तिथल्या तिथे बोलते. त्यामुळे काही जणी हल्ली माझ्याशेजारी बसत नाहीत.

८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस असतो. मंगळूरची माणसं मोंती फेस्त करतात, नव्या भाताच्या ओंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. तमिळ कुटुंबं तमिळनाडूतल्या वेळांकणीला, मरियामातेच्या यात्रेला जातात. आमच्यातली माणसं त्याच सुमारास नगर जिल्ह्यातल्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्याच, यात्रेला जातात. मोंती फेस्त हा सण आणि हरेगाव म्हणजे अडाण्यांची जत्रा, असं मी चर्चच्या अंगणात ऐकत मोठी झाले. आई तर तीच आहे ना?

म्हणून मी कमिटीला लेखी दिलंय: त्या दिवशी मुख्य मिस्सा मराठीत, सकाळी दहाला, बायबलचं एक वाचन हिंदीत आणि ते झारखंडच्या मुलांपैकी कुणीतरी करावं. फादर अनुकूल आहेत. कमिटीतल्या दोघांनी दहाची वेळ ‘इंग्रजीची’ असल्याचं सांगितलंय. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे, आणि त्या मुलांनाही सोबत नेणार आहे.