राणीछाप रुपया आणि भोकाचा पैसा

1942 च्या 'चले जाव'मध्ये लोक पेटले ते युद्धातल्या महागाईने, असं म्हणतात. नागपुरात इतवारीच्या सराफ्यातल्या आमच्या दुकानात, गल्ल्यामागे, आबाजींच्या जुन्या नाण्यांचा डबा अजून आहे. त्यातला व्हिक्टोरियाचा राणीछाप रुपया फरशीवर टाकला की खणखणतो, कारण चांदी जवळपास 92 टक्के. 1940 नंतरचा जॉर्जछाप टाकून बघा, आवाज बसलेला. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि वर 'एक रुपया' तसंच छापलं. राणीछाप तर पुढे चलनातूनच बाद केला. 1943 मध्ये धातू वाचवायला तांब्याच्या पैशाला मधोमध भोक पाडलं. आजी ते पैसे सुतळीत ओवून ठेवायची. चिल्लर मिळत नसे, मग हरवून कसं चालेल!

पण महागाईने लोक पेटले, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. आमच्या धंद्यात भाव चढला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. वजनात मारलं तर गचांडी धरतं. व्हाइसरॉय लिनलिथगो साहेबांनी 3 सप्टेंबर 1939 ला हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, ते इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता. निवडून आलेली काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातलं रविशंकर शुक्लांचंही. माणसं आमची, धान्य आमचं, आणि सल्ला मात्र कुणाचाच नको. हे वजनात मारणंच.

नुसती पोटाची आग पुरली असती, तर 1943 मध्ये अख्खा बंगाल उठला असता. तिथे दुष्काळात अंदाजे 30 लाख माणसं गेली. उपाशी माणसाच्या हातात दगड उचलायचंही बळ उरत नाही. भडका उडाला तो त्याआधीच, ऑगस्ट 1942 मध्ये. चांदा जिल्ह्यातलं चिमूर 16 तारखेला पेटलं, ऐन नागपंचमीला. त्याच उठावातल्या, आमच्या नागपुरातल्या शंकर महाले या तरण्या पोराला 19 जानेवारी 1943 ला इथल्याच तुरुंगात फाशी झाली.

आणि एवढं धाडस एका ऑगस्टात येत नाही. 1923 मध्ये ना युद्ध होतं ना रेशन, तरी गोऱ्या साहेबांच्या सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा नेऊ देत नाहीत म्हणून देशभरातून लोक नागपूरला येऊन अटक करवून घेत होते. मे ते ऑगस्ट हा झेंडा सत्याग्रह चालला. त्यातल्या पोरांना 1942 मध्ये चाळिशी लागली होती, आणि तुरुंग त्यांना आतून माहीत होता.