खाटांच्या यादीसाठी ४७ दिवस

अजून जिल्ह्याच्या त्या आरोग्य ऑफिसचा नुसता विषय निघाला तरी माझं डोकं सणकतं. तेव्हा हे शांत डोक्यानं लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. ऑफिसचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. गाव सांगितलं की आमदार लगेच ओळखू येतील, आणि यात त्यांचा दोष नाही. असला तर थोडाच.

आमचं १२ खाटांचं हॉस्पिटल आहे. हे सर्जन. अपेंडिक्स, हर्निया, विळ्यानं कापलेली बोटं, बैलानं मारलेलं, सगळं येतं. कागदपत्रं माझ्याकडं. शिक्षण बी.कॉम., पण २२ वर्षं हेच करतेय. नर्सिंग होमची नोंदणी दर ३ वर्षांनी, फायरचा फॉर्म ‘ब’ जानेवारीत आणि जुलैत, प्रदूषण मंडळाचं पत्र, एक्स-रेची नोंदणी, कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या, पांढऱ्याचा रोजचा हिशेब. २०२१ चे नवे नियम आले तेव्हा रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावलं. लावल्या दिवशी एका पेशंटच्या वडिलांनी ते बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “वहिनी, हे छापील झालं. घेणार किती ते सांगा.”

या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. आग विझवायचं सिलिंडर भरलेलं असावं, हे मला सरकारनं सांगितलं तर राग येत नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, त्याखालच्या २०१२ च्या नियमांत खासगी दवाखान्यांचे दर ठरवायचं लिहिलंय, मग इतकी वर्षं दर का नाहीत? आणि नसतील ठरत, तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेले सीजीएचएसचे दर तात्पुरते लावायचा विचार करावा लागेल. बातमी आली त्या रात्री डॉक्टर मंडळींच्या ग्रुपवर १५० मेसेज. निम्मे जण खासदारांना पत्र लिहायला बसले.

इथं मी पहिल्यांदा कामाची गोष्ट केली. तो कायदा आख्खा वाचून काढला. दवाखाने हा राज्याचा विषय. घटनेच्या कलम २५२ प्रमाणं आपल्या विधिमंडळानं ठराव करून स्वीकारला तरच हा कायदा महाराष्ट्रात येणार, आणि अजून तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडं १९४९ चा नर्सिंग होम कायदा चालतो. म्हणजे पत्र दिल्लीला पाठवून उपयोग नाही, ठरावाला हात वर करणारा माणूस आमदार. तुम्हीही कुठल्या कायद्याविरुद्ध निघालात तर आधी एवढं बघा, की हात कोण वर करणार आहे.

आमच्या डॉक्टरांच्या असोसिएशनचा ठराव, सह्या, शिक्का, सगळं दोन दिवसांत झालं. पत्र एका पानाचं. हा कायदा महाराष्ट्रात आणू नका. मुंबईत नाहीतर दिल्लीत बसून आमच्या गावातल्या ऑपरेशनचा दर वरून ठरवू नका. नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं नेऊ नका. दंडाचं कलम मी ठळक केलं होतं: नोंदणीशिवाय दवाखाना चालवला तर पहिल्यांदा ५० हजार, दुसऱ्यांदा २ लाख, पुढं ५ लाख. नोंदणीचा कागद वेळेवर हातात पडेल की नाही ते कुणाच्या टेबलावर अवलंबून असतं, हे मला पुढं नीटच कळायचं होतं.

कोविडचंही एक वाक्य घातलं. २०२१ च्या जूनमध्ये शासनानं शहरांचे अ, ब, क वर्ग पाडले. मुंबईत वॉर्डचा दिवसाचा दर ४०००, आमच्यासारख्या क वर्गात २४००. ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र क वर्गाच्या दरानं येत नव्हता, उलट लांबून आणायचा म्हणून वाहतूक वर. बिलं तपासायला लेखापरीक्षक यायचे. आमच्याच धंद्यातल्या काहींनी त्या काळात लोकांना नागवलं, हे मी नाकारत नाही. त्यांची नावं गावाला पाठ आहेत.

जूनचा तिसरा आठवडा. लोकसभेची धामधूम संपलेली, पेरण्या चालू, आरक्षणाचं वातावरण तापलेलं, पुढारी गावात शिरताना आधी फोन करून अंदाज घ्यायचे. तरी आमदार भेटले. उभ्याउभ्या वाचलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा नीट वाचलं. म्हणाले, “वहिनी, तुमचं पटतंय. पण गरिबाचं काय?” मी काहीतरी पुटपुटले. उत्तर सुचलं ते बऱ्याच दिवसांनी, एसटीत, नेहमीसारखं. सांगते पुढं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “तालुक्यात अशी हॉस्पिटलं किती, खाटा किती? आकडा सरकारी पाहिजे. तुमच्या मनचा आकडा मी सभागृहात कसा सांगू?”

रास्त होतं. पीए म्हणाले, “जिल्ह्याच्या ऑफिसातून नोंदणीची यादी आणा, लगेच पत्र काढू.” अधिवेशन २७ जूनला सुरू होणार होतं.

२४ जून, सोमवार. सकाळची लालपरी धरली. महिलांना अर्धं तिकीट, ते मी घेतलंच. सरकारनं लुडबूड करू नये म्हणून निघालेली बाई सरकारच्या निम्म्या पैशांवर चाललीय, हे कंडक्टरला ठाऊक नव्हतं म्हणून बरं.

ऑफिसातल्या त्या टेबलावर हिरवी काच होती. काचेखाली बालाजीचा फोटो, एलआयसीचं कॅलेंडर आणि कुणाच्या तरी मुलाचं पाचवीचं ओळखपत्र. भाऊसाहेब सज्जन होते, आवाजही गोड. “यादी आहे की. पण अशी देता येत नाही. अर्ज द्या.” मांडीवर पर्स ठेवून, पर्सवर कागद ठेवून अर्ज लिहिला. “आता आवकला द्या.” आवकच्या बाई जेवायला. त्या आल्या तीनला. शिक्का मारला, नंबर टाकला. “आठ दिवसांनी या.”

(पोच घ्यायची. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ही एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बरोबर केली.)

आठ दिवसांनी, १ जुलैला गेले, तर ऑफिसच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. लाडकी बहीण योजना जाहीर झालेली, १५ जुलैची मुदत, आणि बाया उत्पन्नाच्या दाखल्यापासून रहिवासीपर्यंत जे मिळेल ते गोळा करत या दारातून त्या दारात. या ऑफिसचा त्या योजनेशी काडीचा संबंध नव्हता. पण एकीला कुणीतरी इकडं पाठवलं, तिच्यामागं चाळीस जणी आल्या. भाऊसाहेब त्यांना समजावत होते, “मावशी, हे आरोग्याचं ऑफिस आहे.” मावशी म्हणाली, “मग आरोग्याचाबी शिक्का मारा एक.” मला हसू आलं, पण माझा अर्ज कुठं होता? तो “दुसऱ्या संकलनाला मार्क झाला” होता. दुसरं संकलन म्हणजे शेजारचं टेबल. त्या टेबलावरचा माणूस प्रशिक्षणाला.

तिसऱ्या खेपेला साहेब व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ मीटिंगमध्ये. बाहेरच्या बाकावर पावणेदोन तास बसले. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे, शेजारचा माणूस उठला की आपण एकदम खाली जातो. तेवढ्या वेळात तीन माणसं उठली. शेवटी आत गेले, तर साहेबांनी एकच विचारलं, “यादी कशासाठी पाहिजे?”

आणि मी खरं सांगितलं. माझी घोडचूक ती.

साहेबांचा चेहरा बदलला नाही, पेन मात्र खाली ठेवलं. “म्हणजे शासनाच्या धोरणाला विरोध करायलेत. मग मला वरून मार्गदर्शन घ्यावं लागंल.” मार्गदर्शन! आमचीच नावं, आमच्याच खाटा, आमचीच फी भरून केलेली नोंदणी, आणि ती आम्हाला दाखवायला वरून मार्गदर्शन. हे ऐकून हे घरी म्हणाले, “सोड, आपण मोजू, गाव केवढं आहे.” मोजायला मला एक दुपार पुरली असती. पण आमदारांना सरकारी आकडा हवा होता, आणि आता मलाही तो हवाच होता. हट्ट म्हणा.

परतीच्या एसटीत गरिबांच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. आमच्या गावात ग्रामीण रुग्णालय आहे. तिथं एक्स-रे मशिन आहे, ते चालवणारा माणूस नाही. पेशंट फिल्म काढायला आमच्याकडं येतो आणि फिल्म घेऊन परत तिथं जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. ज्याला गरिबाची काळजी आहे त्यानं आधी तिथल्या रिकाम्या जागा भराव्यात, औषध द्यावं. ते न करता माझ्या १२ खाटांचा दर ठरवला, तर गरिबाला तिकडंही मिळणार नाही आणि वर्षा-दोन वर्षांत इकडंही नाही, कारण आमच्यासारखे लहान दवाखाने बंद होतील. मग उरतील ते लातूर आणि संभाजीनगरचे मोठे, ज्यांच्याकडं फाईल सांभाळायला स्वतंत्र माणूस असतो. १ जुलैपासून फुले योजना, म्हणजे उपचाराचा खर्च सरकारनं द्यायची योजना, सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंत लागू झाली. पैसे द्यायचेत तर असे द्या, पेशंटच्या नावानं. वेळेवर द्या म्हणजे झालं. हे सगळं मी तिकिटाच्या मागं लिहिलं.

माहिती अधिकाराचा सल्ला मेडिकलवाल्या पोरानं दिला. जोडपत्र ‘अ’ भरायचं, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. आणि कलम ६(२): माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही. हे आधी माहीत असतं तर साहेबांच्या केबिनमध्ये गेलेच नसते. स्टॅम्पवाल्याकडं १० चं नव्हतं, ५ ची दोन चिकटवली. तारीख १२ जुलै. त्याच दिवशी मुंबईत अधिवेशन संपलं.

३० दिवसांची मुदत. २९ व्या दिवशी, १० ऑगस्टला, पोस्टमननं पाकीट दिलं. पहिल्या खेपेपासून ४७ दिवस झाले होते. पाकिटात दोन पानं. हातानं आखलेल्या तक्त्याची झेरॉक्स, कडेला रजिस्टरच्या शिवणीची काळी पट्टी. तिसऱ्या नंबरवर जे हॉस्पिटल होतं ते डॉक्टर २०१९ लाच पुण्याला गेले, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. आमच्या नावापुढं खाटा १०. मी यांना दाखवलं. हे चष्मा वर करून म्हणाले, “दोन कुठं गेल्या?” आणि लुंगीवरच ओपीडीत निघून गेले, खाली सर्पदंशाचा पेशंट आला होता.

तरी सरकारी आकडा तो सरकारी आकडा. आमदारांनी शब्द पाळला. आठवड्यात त्यांच्या लेटरहेडवर आरोग्यमंत्र्यांना पत्र गेलं, यादी जोडून. त्याची प्रत मी लॅमिनेट करून घेतली, हसायचं ते हसा. पुढं ऑक्टोबरात आचारसंहिता लागली आणि सगळं थंडावलं.

एक सांगायचं राहिलं. विधानसभेचेच आमदार असतात असं नाही. मराठवाड्याला पदवीधरांचा विधानपरिषदेचा मतदारसंघ आहे आणि डॉक्टर सगळे पदवीधर. पण त्याची मतदार यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, फॉर्म १८ पुन्हा भरावा लागतो. आमच्या असोसिएशनमध्ये विचारलं, तर नाव असलेले तिघं. यांचं नव्हतं. मतदारच नसलेल्या डॉक्टरांचं निवेदन कोण मनावर घेणार? फॉर्म भरा.

जानेवारीत फोन आला. तोच गोड आवाज. “मॅडम, तुमच्या विषयाचं पत्र वरून आलंय. आमदारसाहेबांचं. अभिप्रायासाठी आमच्याकडं पाठवलंय.”

“बरं मग?”

“नाही, त्याला तालुक्याची खाटांची यादी जोडलेली होती म्हणतेत, ती काही आमच्यापर्यंत आली नाही. रजिस्टर ऑडिटला गेलंय. तुमच्याकडं एखादी झेरॉक्स असंल तर...”

दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरली. झेरॉक्स दोन नेल्या, एकीवर पोच घेतली. आमच्या नावापुढच्या १० खाटा खोडून लाल पेनानं १२ केल्या होत्या. भाऊसाहेबांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, “याला वेगळा अर्ज द्यावा लागंल.”