रेडियमच्या गाळ्यातून फाट्यावरच्या ‘थांबा’ पाटीकडे : आमची वाटचाल

आमचं मूळ काम नंबरप्लेट आणि रेडियमचं. ट्रकच्या मागची पट्टी, उसाच्या ट्रॉलीचे लाल-पांढरे तुकडे, शाळेच्या बसवरची अक्षरं. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात तेवढ्यावर एक गाळा बरा चालायचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीकडूनच बसून यायला लागली, तेव्हा हा धंदा हळूहळू आटणार हे दिसत होतं. कटिंग प्लॉटर (अक्षरं कापायचं यंत्र) होता, शीटिंगचे, म्हणजे उजेड परत फेकणाऱ्या चिकट थराचे, पुरवठादार ओळखीचे होते, पत्रा कापणारा शेजारच्याच शेडमध्ये होता. रस्त्याच्या पाट्यांकडे वळलो ते या हिशेबाने.

ठेकेदाराच्या यादीत वळण, गतिरोधक, शाळा, गावाचं नाव यांची संख्या मोठी असते. ‘थांबा’ दोन-चार, तेही शेवटच्या ओळीत. खरं तर गावरस्ता राज्यमार्गाला मिळतो अशा प्रत्येक फाट्यावर, जिथे सिग्नल नाही आणि पोलीसही नाही, कोणी थांबायचं हे सांगणारी तेवढी एकच वस्तू असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे ती पाळणं बंधनकारक आहे. पण दिसली तर पाळणार. म्हणून आम्ही याच पाटीवर जास्त डोकं घातलं आणि आज आमच्या उलाढालीत फाट्यांच्या कामाचा वाटा मोठा आहे.

सगळ्यात जास्त फसवणूक लाल रंगात होते. पाटीचा लाल साधारण तीन प्रकारे करतात. पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह शीटिंगवर पारदर्शक लाल शाईने स्क्रीन प्रिंट करतात, किंवा पांढऱ्या शीटिंगवर पारदर्शक लाल फिल्म चढवून त्यातली अक्षरं आणि कड प्लॉटरने कापून काढतात. तिसरा प्रकार स्वस्तातला : दुकानाच्या नावाला वापरतात ते साधं अपारदर्शक व्हिनाइल चिकटवून मोकळं व्हायचं. दिवसा तिन्ही पाट्या सारख्या दिसतात; तिसरी कधीकधी जास्त झगझगीत. रात्री हेडलाइट पडला की तिचा लाल भाग काळा पडतो आणि नुसती पांढरी अक्षरं अंधारात तरंगताना दिसतात. अष्टकोन दिसतच नाही. थांबा पाटीला आठ कोन दिलेत ते अक्षरं वाचता येण्याआधीच, किंवा वाचता येत नसली तरी, ओळख पटावी म्हणून. ती ओळखच गेली तर राहिलं काय?

हे तपासायला यंत्र लागत नाही. अंधार पडल्यावर पाटीपासून १०-१५ मीटरवर उभं राहायचं, मोबाईलची बॅटरी कानशिलाला लावून पाटीवर धरायची. लाल लालच दिसला पाहिजे. बॅटरी छातीशी धरली तर चांगली पाटीही मंद दिसते, कारण उजेड आला त्याच दिशेने परत जातो आणि डोळा त्या वाटेवर नसतो.

स्क्रीन प्रिंटमध्ये शाई शीटिंगच्याच कंपनीने सांगितलेली असावी लागते. बाजारातली कुठलीही लाल शाई मारली तर ऊन खाऊन दोन-तीन वर्षांत गुलाबी होते. आमच्याकडे ऑर्डरी लहान असतात, त्यामुळे आम्ही फिल्मच वापरतो.

शीटिंगचा प्रकार हा दुसरा मुद्दा, आणि टेंडरमध्ये तो अनेकदा नुसता ‘रिफ्लेक्टिव्ह’ म्हणून उरकलेला असतो. ०.२ अंश निरीक्षण कोनात (दिवा आणि डोळा यांच्यात पाटीपाशी होणारा कोन) किमान परावर्तन, कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर या मापात, असं आहे : टाइप १ म्हणजे इंजिनियर ग्रेडचा पांढरा ७० आणि लाल १४, टाइप ४ म्हणजे हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिकचा ३६० आणि ६५, टाइप ११ चा ५८० आणि ८७. पहिल्यात आणि चौथ्यात पाचपटीच्या आसपास फरक आहे. इंजिनियर ग्रेडची थांबा पाटी आम्ही करत नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

टाइप ४ की ११, हे तिथून काय जातं त्यावर ठरवतो. उजेड दिव्याच्या दिशेने परत येतो, आणि दिव्यापेक्षा डोळा जितका उंच तितका तो डोळ्याला कमी मिळतो. ट्रॅक्टरवाल्याचा किंवा ट्रकवाल्याचा डोळा दिव्याच्या १ मीटर वर धरला, तर ६० मीटरवरून हा कोन जवळपास १ अंश होतो. अर्ध्या अंशाला टाइप ४ च्या पांढऱ्याची किमान मर्यादा १५० आणि टाइप ११ ची ४२०. एक अंशाला टाइप ११ साठी १२० ची अट आहे, टाइप ४ ला अटच नाही. आमच्या भागात गळीत हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या फाट्यांना म्हणून टाइप ११, एरवी टाइप ४.

पत्र्याचा हिशेब आता आमच्या अंगवळणी पडला आहे. ४ बाय ८ फुटी, म्हणजे १२२० बाय २४४० मिमीचा, २ मिमी जाड ॲल्युमिनियमचा पत्रा घेतो. त्यात ९०० मिमीचे दोन अष्टकोन बसतात. शेवटी उरलेल्या ६४० मिमीच्या पट्ट्यात ६०० चे दोन. बाजूला ३२० मिमी रुंदीची लांब पट्टी उरते, तिच्यात मोरीच्या तोंडाला लावायचे ३०० बाय ९०० चे दोन धोकादर्शक फलक निघतात. ९०० च्या चौकोनाचे चार कोपरे प्रत्येकी २६३.६ मिमीवर कापले की प्रत्येक बाजू ३७३ मिमीची येते. ६०० साठी कोपरा १७५.७ आणि बाजू २४८.५. कडा कानसून बोथट करायच्या. धार राहिली की शीटिंग तिथूनच उचकटायला लागतं.

शीटिंग चढवण्याआधी सगळी भोकं पाडून घ्यायची. पत्र्यावर कारखान्यातलं तेल असतं; नुसत्या कपड्याने पुसून ते जात नाही. डिग्रीझरने धुवायचं, बारीक स्कॉच पॅडने घासायचं, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि त्यानंतर पृष्ठभागाला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा ठसा राहिला तर पुढच्या पावसाळ्यानंतर नेमका तिथे फुगा येतो. तापमान १८ अंशांच्या खाली असेल तर गोंद नीट धरत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी दहाच्या आत रोलरला हात लावायचा नाही असा नियम आहे. प्रिझमॅटिक शीटिंगला दिशा असते. एका पाटीवर दोन तुकडे जोडायची वेळ आली तर रोलवरची खूण बघून एकाच दिशेने लावायचे, नाहीतर रात्री अर्धी पाटी उजळ आणि अर्धी मंद दिसते. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवाच. लोखंडी वॉशर आवळताना शीटिंगला पीळ देतो आणि चीर पडते.

उभारणीत पाटी जास्त वेळा मरते. कामाच्या दरपत्रकात ७५ बाय ७५ बाय ६ मिमीचा अँगल आणि ४५ बाय ४५ बाय ६० सेमीचा एम-१५ काँक्रीटचा पाया असतो. प्रत्यक्षात वीतभर खड्डा, त्यात पाणी न घातलेलं सिमेंट आणि वर माती, असं बरंच बघायला मिळतं. चांगला पायाही काळ्या मातीत हलतो. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे आम्ही खड्डा ९० सेमीपर्यंत नेतो, तळाला मुरूम ठोकतो आणि अँगलच्या बुडाला १२ मिमीच्या सळईचा आडवा तुकडा वेल्ड करतो, म्हणजे खांब उपटता येत नाही आणि फिरतही नाही. गोल पाइप शक्यतो टाळतो. ट्रॉलीतल्या उसाचं टोक घासून गेलं तरी तो फिरतो, आणि मग पाटी रस्त्याऐवजी शेताला थांबायला सांगत उभी राहते.

पाटी जितकी उंच तितकी चांगली दिसते, हा समज सगळीकडे आहे. लो बीमचा उजेड वरच्या बाजूने कापलेला असतो. उंच पाटीला तो कमीच मिळतो. मोकळ्या रस्त्यावर पाटीची खालची कड रस्त्यापासून १.५ मीटर, आणि वस्तीत, जिथे माणसं खालून जातात आणि पुढे गाड्या उभ्या राहतात तिथे २.१ मीटर. बाजूला डांबराच्या कडेपासून २ ते ३ मीटर. पाटी रस्त्याला अगदी काटकोनात न ठेवता सुमारे ५ अंश बाहेर वळवायची. नाहीतर हेडलाइट आरशासारखा चमकतो आणि अक्षरं पुसली जातात.

डावीकडे ९०० ची आणि उजवीकडे ६०० ची, अशा जोडीने आम्ही काम करतो. गावरस्ता जेमतेम ३ ते ३.७५ मीटर रुंद असतो, डावीकडे बाभळ वाढते, कोणी बैलगाडी सोडतो. दोन्हींपैकी एक तरी दिसतेच. खांबावर २५ सेमीचे काळे-पांढरे पट्टे असतात, त्यातल्या पांढऱ्यांवर रंगाऐवजी शीटिंग लावलं तर खर्च किरकोळ वाढतो, पण अंधारात खांबासकट उभी आकृती दिसते. अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाने अशा स्वस्त उपायांच्या संचाला, म्हणजे मोठ्या व दुहेरी पाट्या, खांबावर परावर्तक, ठळक पट्टे, सिद्ध उपाय म्हणून मान्यता दिली आहे. तिथल्या अभ्यासात जीवघेणे व जखमी करणारे अपघात सुमारे १० टक्क्यांनी आणि रात्रीचे सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. निम्म्याने अपघात घटतील असं कोणी विकायला आलं तर त्याला अभ्यास दाखवायला सांगा.

पाटी एकटी पुरत नाही. स्टॉप लाइन, म्हणजे कुठे थांबायचं ते दाखवणारा रस्त्यावरचा आडवा पट्टा, नसेल तर माणूस थांबतो तो निम्मा राज्यमार्गावर येऊन. पट्टा थर्मोप्लास्टिकचा (वितळवून रस्त्यावर ओतायचं मिश्रण), २.५ मिमी जाडीचा, काचमणी न धरता, आणि वर उजेड परत फेकणारे काचमणी चौरस मीटरला २५० ग्रॅम. मिश्रण १८० ते २०० अंशांवर वितळवतात. जास्त तापवलं की पिवळट होतं. मणी लवकर टाकले तर बुडून जातात, उशिरा टाकले तर पहिल्या पावसात वाहून जातात. ते निम्म्याहून थोडे जास्त रुतलेले हवेत. गावरस्त्याचं शेवटचं टोक मुरुमाचं असेल तर पट्टा मारायला आम्ही नकार देतो. पट्ट्यावर शेतातला चिखल येणारच, म्हणून त्याच्या भरवशावर पाटी लहान करायची नाही.

आणि ऊस. कोपऱ्यावरचा ऊस पुरुषभर झाला की थांबलेल्यालाही काही दिसत नाही. आपल्या रस्ते मानकांत गावरस्त्यावर १५ मीटर मागे असताना मुख्य रस्त्यावर ८० च्या वेगाला १८० मीटर, ६५ ला १४५ आणि ५० ला ११० मीटरपर्यंत दिसावं असं धरलं आहे. आपल्याकडे दोन रस्त्यांमधला हा मोकळा ठेवायचा त्रिकोण बहुतेक खासगी मालकीचा असतो. ग्रामपंचायतीने मध्यस्थी करून कोपऱ्यावरच्या तेवढ्या तुकड्यात भुईमूग किंवा हरभरा घ्यायला शेतकऱ्याला राजी केलं, तर आमच्या कुठल्याही पाटीपेक्षा जास्त काम होतं. हे आम्ही दरपत्रकासोबत लिहून देतो, त्यात आमची विक्री नसली तरी.

चोरीचा त्रास आहेच. ॲल्युमिनियमला भंगारात भाव मिळतो, म्हणून आवळल्यावर डोकं तुटून जाणारे, परत सहज न उघडणारे शिअर नट वापरतो आणि मागे ‘सरकारी मालमत्ता’, महिना-वर्ष आणि शीटिंगचा लॉट नंबर पंच करतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र आमच्याकडे उपाय नाही. खांब मजबूत असला की फ्लेक्स बांधायला तो आणखी सोयीचा होतो.

सोलर ब्लिंकरची, म्हणजे सौरऊर्जेवर लुकलुकणाऱ्या दिव्याची, मागणी अलीकडे वाढली आहे. आम्ही बसवतो, पण पाटी आणि पट्टा चांगला झाल्यावरच. पॅनेलवर उसाच्या वाहतुकीची धूळ बसते, लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत दम टाकते. लिथियम फॉस्फेट महाग पडते पण टिकते. डबा पाटीच्या पुढे येणार नाही एवढं बघावं.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं, आणि रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हापासून ठेकेदार शीटिंगचं टेस्ट सर्टिफिकेट स्वतःहून मागायला लागले. आमच्यासारख्यांना हे सोयीचं झालं, कारण व्हिनाइलवाला ते देऊ शकत नाही.

चौकशी करताना एवढं पाठवलंत तर दर लवकर देता येतो : गावरस्त्याची डांबरी रुंदी, मुख्य रस्ता राज्यमार्ग आहे की जिल्हामार्ग, माती काळी की मुरमाड, कोपऱ्यावर कोणतं पीक किंवा बांधकाम आहे, आणि फाट्यापासून ६० मीटर मागून काढलेले दोन फोटो, एक दिवसा आणि एक रात्री गाडीच्या लो बीममध्ये. रात्रीचा फोटो ड्रायव्हरच्या सीटवरून काढा.